दारी हत्ती, पण चाऱ्याचे काय?

एखाद्याची श्रीमंती सांगायची झाली की आपल्याकडे ‘त्यांच्या दारी हत्ती झुलतो’ असे म्हणतात. हत्ती विकत घेणे ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. तो रोज खाऊपिऊ घालून पोसणे ही मोठी गोष्ट, हे म्हणणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. आजच्या काळातला हत्ती चार चाकांवर चालतो. अडीच टन वजन, चारशे-साडेचारशे घोड्यांची ताकद, आत उंची कातडी बैठका आणि नाकावर परदेशी कंपनीचे चकचकीत चिन्ह! अशी गाडी दारात उभी राहिली की सोसायटीतली पोरे भोवती गोळा होतात, पाहुणे फोटो काढून घेतात. पण पहिल्या मोठ्या दुरुस्तीचे बिल घरात आले म्हणजे गृहिणीच्या कपाळावर जी आठी उमटते, तिचा फोटो मात्र कोणी काढत नाही!

पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर करीत आपला महामार्ग बंगळूरला पोहोचतो तेव्हा शहराच्या तोंडाशीच पीण्या लागते. रात्रीच्या बसने गेलेल्या मराठी प्रवाशाला पहाटे डोळे चोळताना दिसणारे बंगळूर म्हणजे पीण्याच. जवळच जलहळ्ळीला एचएमटी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्ससारखे मोठे सरकारी कारखाने उभे राहिले. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची वसाहत सत्तरच्या दशकापासून येथे वाढत गेली. आज गल्लोगल्ली लेथ आणि सीएनसी मशिने घरघरत असतात. कोणी डाय बनवतो, कोणी पावडर कोटिंग करतो, कोणी हीट ट्रीटमेंट. एचएमटीची घड्याळे २०१६ साली बंद झाली, पण पीण्या थांबली नाही. आपल्याकडच्या सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातून आलेले टर्नर, फिटर आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर मालक झालेले लोकही येथे भेटतात.

दोन खोल्यांच्या शेडपासून सुरुवात केलेल्या अशा माणसाने पन्नाशी गाठली, मुलगा इंजिनिअर झाला, धंद्याला बरे दिवस आले, की एक दिवस दलाल दारात येतो. ‘साहेब, नवी घ्यायला गेलात तर सव्वा कोट. नऊ वर्षांची आहे, पण काचेसारखी ठेवली आहे. वीस लाखांत देतो.’ वीस लाख! म्हणजे एखाद्या चांगल्या नव्या कुटुंब-गाडीच्या भावात हत्ती! मालकांचे डोळे चमकतात. ऑफिसात हिशेब बघणाऱ्या वहिनी मात्र शांतपणे विचारतात, ‘अहो, याच पैशात एक वापरलेले चांगले मशीन येईल की. ते निदान कमावून तरी आणेल.’

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. आपणच जरा खोलात शिरून पाहू.

इतकी स्वस्त का मिळते?

महाग गाडीची किंमत घसरते तीही महाग गाडीसारखीच, धाडकन. अपघाताच्या विम्यासाठी गाडीची जी किंमत धरतात तिचे कोष्टकच पाहा. दुसऱ्या वर्षी २० टक्के घट, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी ५०. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे. बाजार तर याहूनही निष्ठुर असतो. कारण वॉरंटी संपलेली अशी गाडी पहिल्या मालकालाही नको असते, आणि ती नको का असते हे त्याला नेमके माहीत असते!

दुसरे कारण दिल्लीचे. १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तेथे बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ही पकड थोडी सैल केली खरी, पण त्याआधीच अनेकांनी गाड्या मिळेल त्या भावाला फुंकून टाकल्या. ८४ लाखांना घेतलेली जर्मन गाडी अवघ्या अडीच लाखांना विकावी लागल्याची एका दिल्लीकराची हकीकत त्या वर्षी वर्तमानपत्रांत गाजली होती. असे हत्ती मग दक्षिणेकडे वळतात.

नव्या गाडीचीही गोष्ट थोडी बदलली आहे. टाटांनी २००८ साली जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली, आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हर इंग्लंडबाहेर प्रथमच जोडली जाऊ लागली ती आपल्या पुण्यात. त्यामुळे किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरली. तरीही त्या वेळी ती सुरू होत होती दोन कोटी छत्तीस लाखांपासून. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात तयार होते, ऑडीची जोडणी संभाजीनगरला होते. त्याच शहरातल्या हौशी मंडळींनी २०१० च्या ऑक्टोबरात एका दमात दीडशे मर्सिडीज घेऊन देशभर चर्चा घडवून आणली होती, हे वाचकांना आठवत असेलच. तेव्हा मराठी माणसाला हत्तीचे वावडे आहे असे कोणी समजू नये!

नेमके बिघडते काय?

गंमत अशी की या गाड्या काही कच्च्या बनावटीच्या नसतात. उलट फार विचारपूर्वक बनवलेल्या असतात. पण तो विचार जर्मनीच्या मोकळ्या महामार्गाचा असतो, गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलचा नसतो.

पोर्शेची कायेन घ्या. २००२ साली ही गाडी आली तेव्हा तिच्या टर्बो नमुन्यात साडेचार लिटरचे, आठ सिलिंडरांचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन होते. अवाढव्य गाडी पाच-सहा सेकंदांत ताशी शंभराचा वेग घेत असे. पण या पहिल्या पिढीच्या आठ सिलिंडरी इंजिनात थंड पाण्याच्या नळ्या होत्या प्लॅस्टिकच्या, आणि त्या बसवल्या होत्या इंजिनाच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, जेथे सर्वांत जास्त ऊब असते. काही वर्षांनी प्लॅस्टिक कडक होते, तडकते, आणि पाणी खाली स्टार्टरवर गळू लागते. अमेरिकेत यावरून मालकांनी एकत्र येऊन दावा लावला आणि तडजोड झाली. उपाय काय, तर ॲल्युमिनियमच्या नळ्या. एवढ्या मोठ्या घोड्याचा पाय एवढ्याशा नळीत अडकावा! त्याच गाडीचा मागे ताकद नेणारा जो लांब दांडा असतो, त्याच्या मधल्या बेअरिंगचे रबर फाटते आणि खालून कोणी हातोडी मारल्यासारखा धाडधाड आवाज येतो. त्याखेरीज सिलिंडरांच्या आतल्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा आजार. तो जडला की इंजिनच उघडावे लागते.

बीएमडब्ल्यूच्या एक्स५ आणि एक्स६ मधल्या एन६३ या इंजिनाची कथा वेगळी. नेहमीच्या इंजिनात धुराची बाजू बाहेर असते. येथे तज्ज्ञांनी दोन्ही टर्बो इंजिनाच्या दोन रांगांच्या मधोमध बसवले. जागा वाचली, ताकद झटकन मिळू लागली. पण तापलेल्या दोन शेगड्या स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवल्यासारखे झाले. आसपासचे रबर, सील, वायरी भाजून निघतात. व्हॉल्व्हचे सील कडक झाले की इंजिन ऑइल पिऊ लागते. अखेर २०१४ च्या डिसेंबरात कंपनीने अमेरिकेत या इंजिनासाठी खास मोहीम काढली. साखळी तपासणे, इंधनाचे इंजेक्टर आणि बॅटरी बदलणे अशी कामे तिच्यात होती. ऑइल बदलण्याची मुदत १५ हजार मैलांवरून १० हजार मैलांवर आणि दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली. म्हणजे आधीची मुदत जास्त होती हे कंपनीनेच एका परीने मान्य केले.

रेंज रोव्हरच्या पाच लिटर इंजिनात सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग चेन ताणून धरणारे भाग झिजत, आणि पाण्याच्या प्लॅस्टिक नळ्या तेथेही होत्याच. ऑडी क्यू७ च्या ४.२ लिटर इंजिनात चेन बसवली आहे मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे. चेन लहानशी, पण तिच्यापर्यंत हात पोहोचवायला इंजिनच उतरवावे लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आणि मग हवेचे सस्पेन्शन. स्प्रिंगऐवजी रबराच्या फुग्यात हवा भरून गाडी वर-खाली करण्याची ही सोय फार सुखाची आहे. आजीबाईंना चढताना गाडी खाली बसते, खडबडीत रस्त्यावर उंच होते. पण रबर ते रबरच. काही वर्षांनी त्याला बारीक चिरा पडतात. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेल्या उंटासारखी दिसू लागली, की समजावे, फुगा गळतो आहे. या वेळी लगेच लक्ष दिले तर एका फुग्यावर भागते. ‘चालते आहे ना, पुढच्या महिन्यात बघू’ म्हटले, की गळकी हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर रात्रंदिवस धापा टाकतो आणि तोही जळतो. स्वस्तातले काम असे महागात जाते.

पीण्यातल्या एका गॅरेजात बेळगावकडचे एक वयस्कर मिस्त्री भेटले. मराठी कानावर पडताच त्यांनी चहा मागवला. उचलून धरलेल्या एका अगडबंब गाडीखाली उभे राहून ते म्हणाले, ‘गाडी वाईट न्हवं, साहेब. हिला रोज जरा पळवाय पाहिजे. तुमी हिला सिग्नलवर हुबी करतासा.’

मिस्त्रींचे म्हणणे आकड्यांत मांडून पाहण्यासारखे आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत बंगळूरच्या मध्यभागात १० किलोमीटर जायला २९ मिनिटे १० सेकंद लागत होती. जगात लंडननंतर याचाच क्रमांक, आणि आपले पुणेही पहिल्या दहांत! म्हणजे ताशी जेमतेम २० किलोमीटर. या वेगाने १५ हजार किलोमीटर व्हायला इंजिन ७५० तास चालते. महामार्गावर ताशी ७५ ने तेवढेच अंतर २०० तासांत होते. मीटरवरचा आकडा सारखाच, पण एका इंजिनाने जवळजवळ चौपट तास काढलेले, तेही अंगाला वारा न लागता. म्हणून पुस्तकात १५ हजारांना ऑइल बदला असे लिहिले असले, तरी शहरातल्या गाडीचे सात-आठ हजारांना बदलावे. सगळ्या दुरुस्त्यांत हीच सर्वांत स्वस्त.

गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ असते, असे बऱ्याच कंपन्या सांगतात. आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हे कोणी सांगत नाही! हे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलावे असे म्हणते. माझ्या मते बनवणाऱ्याचे ऐकावे.

टायरांचाही एक धडा आहे. या गाड्यांची ताकद चारही चाकांना जाते. एक टायर फाटला आणि आपण काटकसर म्हणून तेवढाच नवा बसवला, तर नव्या आणि झिजलेल्या टायरचा घेर सारखा राहत नाही. मग मधली वाटणी करणारी पेटी, जिला ट्रान्स्फर केस म्हणतात, ती कायम ओढाताणीत राहते आणि अखेर मान टाकते. टायरचे तीस-पस्तीस हजार वाचवायला जावे आणि पेटीचे काही लाख बसावेत, असा हा व्यवहार आहे.

हिशेबाची वही

आता वहिनींची वही उघडू. वीस लाखांत घेतलेली आठ सिलिंडरी पेट्रोल गाडी, महिन्याला हजार किलोमीटर फिरणे, एवढे गृहीत धरू. शहरात ती लिटरला पाच किलोमीटर दिली तरी नशीब. महिन्याला २०० लिटर, २०२५ च्या बंगळूरच्या सुमारे १०३ रुपये दराने २०,६०० रुपये. वर्षाला अडीच लाखांच्या जवळ. चार टायरांचे एक लाख चाळीस हजार धरले आणि ते तीन वर्षे टिकले तर वर्षाला सत्तेचाळीस हजार. वीस लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर एक लाख चाळीस हजार व्याज आले असते, ते बुडाले. चार वर्षांनी गाडी दहा लाखांना गेली तर दर वर्षी अडीच लाखांची घट. एकूण सहा लाख चौऱ्याऐंशी हजार. म्हणजे किलोमीटरला ५७ रुपये, आणि यात एक पानाही अजून फिरलेला नाही! विमा, ऑइल, ब्रेक, बॅटरी हे सगळे वेगळेच. वरचा एखादा मोठा आजार निघाला तर त्या वर्षीचा हिशेब मांडायची वहिनींची हिंमत होणार नाही.

काही खर्च मात्र शहाणपणाने कमी करता येतो. बॉश, माले, झेडएफ, कॉन्टिनेंटल या कंपन्या जे भाग गाडीवाल्यांना देतात, तेच स्वतःच्या खोक्यातही विकतात. खोके बदलले की किंमत बदलते, भाग तोच. कायेन, क्यू७ आणि फोक्सवॅगनची टुआरेग या तिघी तर एकाच सांगाड्यावरच्या चुलत बहिणी, त्यामुळे काही भाग एकमेकींचे चालतात. पीण्यासारख्या ठिकाणी रिम सरळ करणे, पावडर कोटिंग, ॲल्युमिनियमचा एखादा तुकडा लेथवर काढणे यांसाठी परदेशाकडे बघावे लागत नाही. तरी ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत असा जुगाड अजिबात करू नये. त्या गाडीत आपली मुले बसतात.

पाणी, विमा आणि कर

२०२२ च्या सप्टेंबरात बंगळूरच्या यमलूर, बेळंदूर भागात पाणी शिरले. लोक ट्रॅक्टरमध्ये उभे राहून ऑफिसला गेले आणि कोट्यवधींच्या बंगल्यांसमोर बेंटले, लेक्सससारख्या गाड्या पाण्यात बुडालेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. मोठी गाडी आहे, पाण्यातून सहज जाईल, हा गैरसमज फार महागात पडतो. रेंज रोव्हरला ९०० मिलिमीटर पाणी चालते असे कंपनी सांगते, पण ते सुस्थितीतल्या गाडीला आणि सावकाश नेल्यास. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले की खेळ संपतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग आतला कनेक्टिंग रॉडच वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि इंजिन गेले, तर साधा विमा ते नुकसान भरत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. पावसाळ्यात पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात न लावता ती ओढून न्यावी, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा.

पाणी वरूनही येते. बंगळूरच्या रस्त्यांवरचे वर्षावृक्ष सावली देतात तशी पानेही गाळतात. ती छताच्या सरकत्या काचेच्या पन्हळीत अडकली की पाणी खांबांतून आत गालिच्याखाली उतरते. कायेन आणि तिच्या बहिणींत बॅटरी पुढच्या खुर्चीखाली असते आणि विजेचे बरेच डबेही खालीच. मग एक दिवस खिडक्या आपोआप उघडतात, हॉर्न आपोआप वाजतो. भूतबाधा नव्हे, तुंबलेली मोरी! वर्षातून दोनदा ती पन्हळ साफ करायला एक पैसा लागत नाही.

विम्यात आणखी एक खाच. अपघातानंतर रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मीच किंमत मिळते. या गाड्यांचा पुढचा भाग तर बहुतेक प्लॅस्टिकचाच असतो. घसारा न कापणारा विमा असतो, पण जुन्या गाडीला तो मिळेलच असे नाही. एका गोष्टीचा मात्र दिलासा आहे. दीड हजार सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी मोटारींना तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा २०२२ साली ठरलेला दर एकच, वर्षाला ७,८९७ रुपये. शेजाऱ्याची साधी मोठी गाडी आणि आपला हत्ती, येथे तेवढे एका पंक्तीला!

कराच्या पंक्ती मात्र वेगळ्या. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आयुष्यभराचा कर १८ टक्के आणि वर उपकर, म्हणजे जवळजवळ २० टक्के पडतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, आणि जुलै २०२५ पासून कमाल मर्यादा ३० लाख. सव्वादोन कोटींच्या पुढच्या गाडीला हा फरक पंधरा लाखांच्या घरात जातो. म्हणून बंगळूरमध्ये एमएच पाटीच्या आणि पुदुचेरीच्या पाटीच्या महागड्या गाड्या फिरताना दिसतात. वर्षाहून अधिक काळ गाडी परराज्यात ठेवली तर तेथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो, हा कायदा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहन खात्याने शहरात सुमारे ३० आलिशान गाड्या जप्त केल्या. त्याच जुलैत महाराष्ट्रात नोंदलेल्या एका लाल फेरारीच्या मालकाला तर एक कोटी ४१ लाख रुपये भरावे लागले. तेव्हा कोल्हापूर-पुण्याच्या पाटीची गाडी बंगळूरला ‘स्वस्तात’ मिळत असेल, तर किमतीत कराची बाकी धरली आहे का, हे आधी विचारावे. आणि जुन्या राज्यातले ना-हरकत पत्र हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तरीही घ्यायचीच असेल तर

हौसेला मोल नसते, आणि आयुष्यभर लेथपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने एक हौस केली तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? फक्त खिशातले सगळे वीस लाख दलालाच्या हातात ठेवू नयेत. पंधराची गाडी घ्यावी आणि पाच तिच्या औषधपाण्यासाठी बँकेत वेगळे ठेवावेत. रोज गावातच फिरायचे असेल तर आठ सिलिंडरांचा नाद सोडून सहा सिलिंडरांची तीच गाडी पाहावी. घरच्यांना बसायला सुख तेच मिळते आणि इंजिनाच्या आत मिस्त्रीचा हात तरी शिरतो.

गाडी घेण्यापूर्वी ती दलालाच्या ओळखीच्या नव्हे, आपल्या ओळखीच्या गॅरेजात दाखवावी. दिवसाचे काही हजार जातील, जाऊ द्यावेत. बारीक कॅमेरा सिलिंडरात घालून आतल्या भिंतींवर ओरखडे आहेत का ते पाहता येते. मीटर फिरवून किलोमीटर कमी केलेले असले, तरी आतल्या इतर संगणकांत जुना आकडा कधी कधी तसाच राहिलेला असतो. तपासणीचे यंत्र जोडून तो वाचून घ्यावा. सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावून पाहाव्यात. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते बघावे. गालिचा उचलून खाली हात फिरवावा, ओल लागते का.

आणि दलालाला आदल्या दिवशी फोन करून सांगावे की आम्ही सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका. चेनची खडखड आणि निळा धूर हे थंड इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांतच कळतात. गरम इंजिन ते लपवते. पोहोचल्याबरोबर चहाला न बसता आधी बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा. कोमट लागला, तर गाडीचे कौतुक करून परत फिरावे आणि दुसऱ्या दिवशी आणखी तासभर लवकर जावे.